एव्हान्सच्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात कर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स ऐकायला कुठून सुरुवात करू, असं तू विचारलंस. बहुतेक जण तुला न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅन्गार्ड' या जॅझ क्लबमधल्या १९६१च्या रेकॉर्डिंगकडे धाडतील. तेही ऐकायचंच आहे, पण आधी 'न्यू जॅझ कन्सेप्शन्स' लाव. एव्हान्सच्या स्वतःच्या नावावरचा हा पहिला अल्बम. सप्टेंबर १९५६, न्यूयॉर्क, 'रिव्हरसाइड' ही रेकॉर्ड कंपनी; बेसवर टेडी कॉटिक, ड्रम्सवर पॉल मोशन. गिटारवादक मंडेल लोनं एव्हान्सची टेप कंपनीच्या मालकांना चक्क फोनवरून ऐकवली आणि त्यातून हे काम जमलं. पहिल्या वर्षात खपल्या जेमतेम ८०० प्रती.

एव्हान्स म्हणजे हळवा, मान खाली घालून वाजवणारा, असं तू कुठेतरी वाचलं असशील. ते बाजूला ठेव. इथला सत्तावीस वर्षांचा पोरगा बड पॉवेल या जॅझ पियानोवादकाच्या वळणाचा आहे. उजव्या हाताच्या ताना धावतात, त्यांत एकेक सूर कोरून काढलेला, आणि डावा हात मध्येच तुटक कॉर्ड (एकदम वाजवलेले काही सूर) देऊन गप्प बसतो. मला हा एव्हान्स मनापासून आवडतो. त्याला पुढच्या एव्हान्सची कच्ची आवृत्ती समजून ऐकणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तू तबला शिकतेस, म्हणून या अल्बममधल्या 'फाइव्ह'पासून आत शिर. संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या 'आय गॉट रिदम' या गाण्याच्या कॉर्डवर बांधलेली ही रचना. ३२ मापांचं आवर्तन, प्रत्येक मापात चार मात्रा. बोटांवर मोजत राहा. पियानो मुद्दाम आडवा जातो, वजन भलत्याच मात्रेवर टाकतो आणि तू चुकलीस असं तुला वाटायला लावतो. मोजणं सोडू नकोस. त्याचं आवर्तन पक्कं आहे. याच अल्बममधल्या 'डिस्प्लेसमेंट'मध्येही हाच खेळ आहे.

मग एकट्या पियानोच्या तीन छोट्या चिजा. त्यातली 'वॉल्ट्झ फॉर डेबी' त्यानं आपल्या पुतणीसाठी रचली. सव्वा मिनिटाच्या आसपास संपते. यात उपज (आयत्या वेळी सुचलेलं वादन) नाही, फक्त बंदिश. पहिल्यांदा वरची चाल ऐक. एखाद्या लहान मुलीलाही गुणगुणता येईल अशी आहे. दुसऱ्यांदा चाल कानाआड कर आणि फक्त डाव्या हाताचे खालचे सूर धर. तिसऱ्यांदा दोन्हींच्या मधले सूर शोध. ते सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर. घाई करू नकोस, आठवडा लागला तरी लागू दे.

पुढचा अल्बम त्यानं डिसेंबर १९५८पर्यंत केला नाही. कंपनी मागत होती, पण नवीन सांगण्यासारखं काही नाही असं त्याचं म्हणणं. दरम्यान तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवून आला.

हे सगळं कानात मुरलं की मग 'व्हॅन्गार्ड'ची 'वॉल्ट्झ फॉर डेबी' लाव. ड्रम्सवर मोशनच आहे, बेसवर स्कॉट लाफारो. सुरुवात तीन मात्रांतच होते, पण पुढे उपज सुरू होताना लय चारात जाते. तो सांधा नेमका कुठे येतो आणि तिथे बेस काय करतो, ते मला लिहून कळव.

तुझा,
काका