झाडांची मुळं पाणी धरून ठेवतात, तरी जंगलात वणवे का लागतात?

तुम्ही विचारलंय, मुळांमुळे जमीन ओली राहत असेल तर झाडांनी भरलेलं जंगल दर उन्हाळ्यात पेटतं कसं?

पावसाळ्यात मुळांच्या कडेनं आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी खोल मुरतं, हे खरं. पण पाऊस सरला की तीच मुळं ते पाणी उपसून पानांवाटे हवेत सोडू लागतात. काही झाडं रात्री खालचं पाणी वरच्या कोरड्या मातीत थोडं झिरपवतातही. १९८७ साली अमेरिकेतल्या सेजब्रश नावाच्या झुडपावर हे सिद्ध झालं. त्याचा फायदा बारीक मुळांना आणि बुरशीला होतो, वणवा थांबवण्याइतकं ते पाणी नसतं.

कारण आधी पेटतो तो पाचोळा. गळालेल्या पानाचा मुळांशी संबंध संपलेला असतो, त्याची ओल हवेवर आणि उन्हावर ठरते. गवताची काडी किंवा सुटं पान दुपारच्या उन्हात तासाभरात करकरीत होतं, मग खाली माती कितीही ओली असो.

मुळांचा खरा हात लागतो तो सावलीतून. मेळघाटातला साग पाणी कमी पडलं की पानं गाळून स्वतःला वाचवतो. मार्चमध्ये तिथं डोक्यावर उघडं आभाळ आणि पायाखाली ती मोठाली, खरखरीत पानं असतात. सह्याद्रीतल्या चांगल्या देवराईत याच्या उलट. जांभूळ, अंजनी, पिसा यांची मुळं कातळाच्या भेगांतलं पाणी गाठतात, म्हणून भर उन्हाळ्यातही छत हिरवं राहतं. तिथं पाचोळा हातानं बाजूला करून बघा. वरची पानं वाजतात, पण दोन बोटं खाली ती पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली आणि गार लागतात. अशा ठिकाणी आग सहसा मंदावते.

देवराईच्या कडेची चार झाडं तोडली तरी माझा जीव कळवळतो तो याचसाठी. ऊन आणि वारा आत शिरतो, गवत माजतं, डिसेंबरपर्यंत ते वाळतं आणि उतारावरची आग थेट आत येते. ही आग बहुतेक वेळा माणसानंच लावलेली असते: मोहाची फुलं दिसावीत, तेंदूला चांगली पालवी फुटावी, पुढच्या वर्षी गवत जोमानं यावं म्हणून. उतारावर नवी रोपं लावण्याआधी असलेली दाट राई आणि तिची कड राखा, डिसेंबर-जानेवारीतच गावकऱ्यांसोबत जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा) काढा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आणखी एक, वणवा विझवायला जात असाल तर. वाळलेल्या खुंटाची मुळं जमिनीखाली धुमसत राहतात. वर ज्वाळा नसते, धूरही जेमतेम, आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला की तिथूनच पुन्हा भडका उडतो. जाळरेषेजवळचा प्रत्येक खुंट हाताची पाठ जवळ नेऊन तपासा. ऊब लागली तर भोवती खणून, मुळं उघडी करून पाणी किंवा ओली माती घाला. नुसती वरून माती लोटली तर आत निखारा तसाच राहतो.