वायुवाहिनीत ‘प्रवेश’ कोणाचा?

नागपूरच्या धरमपेठेतील एका वाचकांनी विचारले आहे की, नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनच्या ‘ॲक्सेस’विषयीच्या अटींना ‘प्रवेशाच्या अटी’ म्हणावे काय, आणि नियामक मंडळ त्या अटी पुन्हा तपासते त्यास ‘आढावा’ म्हणावे की ‘पुनर्विलोकन’.

‘प्रवेश’ मुळीच म्हणू नये. वाहिनीत प्रवेश करतो तो वायू, त्याचा व्यापारी नव्हे. वायू जिथे आत सोडतात त्या ठिकाणास ‘प्रवेशबिंदू’ म्हणणे रास्तच आहे. म्हणूनच ‘प्रवेशाच्या अटी’ वाचणारा त्या बिंदूवरील दाब आणि वायूची प्रत शोधू लागेल. येथे प्रश्न वेगळा आहे. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या 2006 च्या कायद्यानुसार सामाईक वाहक ठरलेल्या पाइपलाइनची क्षमता मालकाखेरीज इतरांनाही भेदभावाविना वापरता आली पाहिजे. या हक्काला मराठीत घरचा शब्द आहे : वहिवाट.

त्यातील ‘वाट’ संस्कृत ‘वाट’ शब्दावरून आली, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी थोडा ध्वनिविचार करावा. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा. दोन स्वरांमधला एकेरी ट मराठीत ड होतो, जसे ‘घोटक’चा घोडा आणि ‘कटु’चे कडू, त्याच न्यायाने ‘वाट’चा वाडा झाला. आपली वाट निघाली ती ‘वर्त्मन्’पासून, प्राकृतातील जोडाक्षरी ‘वट्ट’मार्गे, आणि ‘हट्ट’चा हाट झाला तशी ती ट राखून उरली. म्हणजे नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा वाडा आणि त्याकडे जाणारी वाट यांचे कूळ एक नाही. एक बंदिस्त, दुसरी मोकळी. मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी वाडा की वाट, एवढाच या साऱ्या नियमनाचा विषय आहे!

‘वहि’ मी ‘वह्’ धातूकडे नेतो. त्यामुळे वाहिनी, वाहक आणि वहिवाट एका घरची होतात. एक विद्वान स्नेही हिशेबाच्या वहीकडे बोट दाखवतात, पण माणसे आधी वाटेने चालतात आणि मग वहीत नोंद करतात. वहिवाट जुन्या वापरानेच मिळते, मग नव्या वाहिनीवर ती कशी, हा त्यांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तथापि खरेदीखतात ‘प्रत्यक्ष ताबा व वहिवाट’ लिहिताना आपण चालू वापरच सांगतो. वापर किती वर्षांचा, हे तेथे कोणी मोजत नाही.

राहिला दुसरा प्रश्न. आढाव्यात केवळ स्थिती पाहिली जाते आणि ‘पुनर्विलोकन’ न्यायालयाने स्वतःच्या आदेशाचे करावयाचे असते. अटी बदलण्याची तयारी असेल, तर सरळ ‘फेरविचार’ लिहावे.