‘दोन वर्षं सायकल बांधायची नाही’ म्हणणारी नोटीस

प्रश्न : मी वेल्डर-फिटर आहे. जुलै २०१८ पासून मार्च २०२५ पर्यंत पुण्यातल्या एका कार्गो बाईक बनवणाऱ्या कंपनीत होतो. तिथे चाळीसेक माणसं. पुढे खोका, मागे चालवणारा अशी लांब सायकल आम्ही बांधायचो, माझ्या काळात चारशेच्या वर गेल्या असतील. रीतसर महिन्याची नोटीस देऊन नोकरी सोडली आणि भोसरीत मेहुण्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. आतापर्यंत ११ सायकली विकल्या. गिऱ्हाईक म्हणजे नर्सरीवाले, दूधवाले, एक बेकरी. आता जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे : करारानुसार दोन वर्षं महाराष्ट्रात असा धंदा करता येणार नाही, आमचं डिझाईन चोरलं म्हणून २५ लाख द्या, ट्रेनिंग बाँडचे दीड लाख द्या, नाहीतर पोलिसांत तक्रार. १५ दिवसांत उत्तर मागितलं आहे. माझी ग्रॅच्युइटी आणि शेवटचा पगार त्यांनी अडवून ठेवला आहे. नोकरीला लागताना सही केलेले दोन कोरे चेक घेतले होते, तेही त्यांच्याकडेच आहेत. खरं सांगायचं तर सोडायच्या आठवड्यात मी काही ड्रॉइंगच्या पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवल्या होत्या, आणि पहिली फ्रेम नोकरीत असतानाच, रविवारी बसून बांधली होती. धंदा बंद करावा लागेल का?

उत्तर : नाही, धंदा बंद करावा लागणार नाही. पण नोटीस ज्या मुद्द्यावर सगळ्यात जोरात ओरडते आहे तो सगळ्यात पोकळ आहे. तुमची खरी अडचण तुमच्या पत्राच्या शेवटच्या तीन ओळींत आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टी कंपनीला बहुधा अजून माहीतही नाहीत. म्हणून आधी एक काम करा : त्या ईमेलबद्दल आता आणखी कुणालाही लिहू-बोलू नका, मेहुण्यालासुद्धा नाही. स्वतःच्या वकिलाला सांगितलेलं कायद्याने गोपनीय राहतं, मित्राला व्हॉट्सॲपवर सांगितलेलं राहत नाही. (तुमची ओळख पटेल असे तपशील मी वरच्या प्रश्नातून काढले आहेत.)

दोन वर्षांच्या अटीचं बघू. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम २७ सांगतं की कुणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. इंग्लंडमध्ये अशी अट ‘वाजवी’ आहे का हे न्यायालय तोलून बघतं. आपल्या कलमात तो तराजूच ठेवलेला नाही. धंद्याचं नाव आणि पत विकताना घातलेली अट हा त्यातला अपवाद, आणि तुम्ही काही धंदा विकलेला नाही. नोकरी किंवा करार संपल्यानंतरची बंदी चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं. त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या परसेप्ट डी'मार्क कंपनीचा तीन वर्षांचा करार संपला होता, तरी नवी ऑफर आधी आमच्याकडे आणलीच पाहिजे असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. तेव्हा ‘दोन वर्षं, संपूर्ण महाराष्ट्र’ हे वाक्य करारात ठळक अक्षरांत छापलेलं असलं आणि त्याखाली तुमची सही असली, तरी त्यावर तुमची शेड बंद पाडता येणार नाही.

मात्र नोकरी चालू असतानाची गोष्ट वेगळी. १९६७ चा निरंजन गोलिकरी यांचा निकाल आम्ही वकील अशा वेळी काढतोच. सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात ते टायरला लागणाऱ्या धाग्याच्या विभागात होते, करार पाच वर्षांचा. मुदत संपायच्या आत ते राजस्थानातल्या कोटा शहरातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा मनाई हुकूम कायम ठेवला, कारण बंदी कराराच्या मुदतीपुरतीच होती. तुमची रविवारची फ्रेम या बाजूला पडते. एक फ्रेम, सुट्टीच्या दिवशी, न विकलेली असेल तर नुकसानभरपाई किती मागणार? फारशी नाही. पण पाइप कंपनीचा होता का, जिग (फ्रेम जोडताना पाइप पकडून ठेवणारा साचा) कंपनीचा वापरला का, ती फ्रेम विकली कधी, याची खरी उत्तरं वकिलाला द्या. पाइप त्यांचा असेल तर प्रकरण फ्रेमपुरतं न राहता मालाच्या अपहारापर्यंत जातं.

आता ‘डिझाईन चोरलं’. हा शब्द लोक फार सैल वापरतात. कायद्यात त्याचे निदान तीन वेगळे अर्थ होतात आणि नोटिशीने तिन्ही एकत्र कालवले आहेत. पेटंट असेल तर त्याचा क्रमांक द्यावा. डिझाइन्स अधिनियम, २००० खाली नोंदणी असेल तर तिचाही क्रमांक द्यावा. ते संरक्षण दहा वर्षांचं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. तुमच्या नोटिशीत दोन्हींपैकी एकही क्रमांक नाही. क्रमांक असता तर वकिलाने तो पहिल्याच परिच्छेदात टाकला असता, मी तरी टाकला असता. तरीही ऑनलाइन नोंदवहीत कंपनीच्या नावाने शोध घ्या. नोंदणी निघालीच तर ती फक्त दिसण्याला, आकाराला असते. यंत्र म्हणून जे काम करतं त्याला नसते. स्टिअरिंगचा लिंकेज रॉड खोक्याखालून पुढच्या चाकाला जातो, कारण दुसरीकडून जायला जागा नाही. पुढे छोटं चाक आणि खाली बसकं खोकं हेही वजन खाली राहावं म्हणून. ही मांडणी डेन्मार्कमध्ये १९२० च्या दशकापासून रस्त्यावर आहे. आधीच जगजाहीर असलेली रचना नवी म्हणून नोंदवता येत नाही, आणि नोंदवली असेल तर दाव्यात बचाव म्हणून तिच्या वैधतेलाच आव्हान देता येतं. तसं आव्हान दिलं की दावा उच्च न्यायालयाकडे वर्ग होतो, हे दोन्ही बाजूंच्या खिशाला जड जातं.

राहिला कॉपीराइट. इथे तुम्ही सांगितलेला चारशेचा आकडा तुमच्या फार कामाचा आहे. जे डिझाईन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याची वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवान्याने औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वेळा बनवली, की त्या डिझाईनमधला कॉपीराइट संपतो. हे कॉपीराइट अधिनियमाचं कलम १५(२). याच कलमावर एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या रेखाटनांबद्दल एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आहे : रेखाटन मुळात कलाकृती आहे की उद्योगात वापरायचं डिझाईन, आणि त्याचा मुख्य हेतू उपयोगाचा आहे का, हे तपासायचं. सायकलच्या फ्रेमला कलाकृती म्हणणारा वकील मला अजून भेटायचा आहे. उद्या तुम्ही बाजारातून त्यांची एखादी सायकल विकत घेतली, टेप लावून मापं घेतली आणि तशी बांधली, तर पेटंट किंवा नोंदणी नसताना त्यात बेकायदा काही नाही. सात वर्षांत हातात बसलेलं वेल्डिंग, कुठला सांधा कुठे तडकतो, गसेट (सांध्याला बळ देणारी पट्टी) कुठे हवा, हे ज्ञान तुमचं आहे. ते गेटवर काढून ठेवून बाहेर पडा असं कुठलंही न्यायालय सांगत नाही.

पीडीएफला मात्र यातलं काहीच लागू नाही. नोकरीच्या कामात काढलेली ड्रॉइंग, वेगळा करार नसेल तर, मालकाच्या मालकीची, मग ती तुम्हीच काढलेली असोत. परवानगीशिवाय कंपनीच्या संगणकातून ती स्वतःकडे घेणं माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये बसू शकतं, आणि अप्रामाणिक हेतू दिसला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गोपनीयतेचा भंग. ‘संदर्भासाठी घेतली’ हे तुमचं म्हणणं खरं असेलही, पण सोडायच्या आठवड्यातली तारीख बघून समोरचा वकील खूश होणार. कंपनीच्या ईमेलवरून पाठवली असतील तर त्यांच्या सर्व्हरवर नोंद पडलेलीच आहे; कुणीतरी बघायचा अवकाश.

आता तुमचा हात ‘डिलीट’कडे जाईल. तो आवरा. नोटीस आल्यानंतर पुसलेली फाइल म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप. फाइल उघडू नका, पुढे पाठवू नका, त्यावरून काहीही कापू नका. कोणत्या फाइल, कोणत्या तारखेला, एवढी यादी करून वकिलाकडे द्या. ती परत करायची की आम्ही वापरत नाही असं हमीपत्र द्यायचं, आणि कधी, हे त्यांना ठरवू दे. माझा कल लवकर परत करण्याकडे आहे. त्याच वेळी तुमच्या जिगवरून, तुमच्या मापांनी, तारीख टाकून नवी ड्रॉइंग काढून घ्या. कच्चे कागद, चुकलेल्या फ्रेमचे फोटो, पाइपची बिलं जपा. ‘आम्ही स्वतः घडवलं’ हे दाखवायला चुकलेली फ्रेम पक्क्या फ्रेमपेक्षा जास्त बोलते.

ग्राहकांशी बोलायला हरकत नाही. बेकरीवाला काही कुणाची मालमत्ता नाही. जुन्या कंपनीची ग्राहकयादी मात्र घेतली नसेल अशी आशा करते. आणि ‘तीच सायकल, कमी भावात’ अशा धर्तीची जाहिरात कुठे टाकली असेल तर स्क्रीनशॉट ठेवून काढून टाका. त्यांचं नाव किंवा त्यांच्या मालाशी बरोबरी, दोन्ही नको.

बाँडचं गणित तुमच्या पत्रात अर्धवट आहे. प्रत सोबत जोडली होतीत म्हणून बरं : ऑगस्ट २०२३ मध्ये सात दिवसांचं ट्रेनिंग, त्यानंतर ३६ महिने नोकरी. तुम्ही १९ महिने केलीत. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख देण्याची अट वैध ठरवली, त्यामुळे ‘बाँड म्हणजे फालतू कागद’ या सल्ल्यावर विसंबू नका. पण तिथे सार्वजनिक बँक होती, भरतीचा मोठा खर्च होता. तुमच्यासारख्या ठिकाणी करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा धरली जाते आणि त्याच्या आत वाजवी भरपाई. सात दिवसांच्या ट्रेनिंगचा खर्च बिलांसह मागा. उरलेल्या १७ महिन्यांच्या प्रमाणात धरलं तरी आकडा ७१ हजारांच्या आसपास येतो, दीड लाख नाही. तडजोड करायची झाली तर त्याच्याही खाली बोली सुरू करा.

आणि हे पैसे ग्रॅच्युइटीतून वळते करता येत नाहीत. तुम्ही मार्च २०२५ मध्ये सोडलंत, म्हणून नवी श्रमसंहिता नाही, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा जुना कायदा लागू. सहा वर्षं आठ महिने म्हणजे हिशोबाला सात वर्षं. शेवटचा मूळ पगार २६,००० लिहिला आहे; त्याला २६ ने भागून १५ ने गुणलं की वर्षाचे १५,०००, सात वर्षांचे १,०५,०००. हे ३० दिवसांत द्यायचे होते, उशिराला दहा टक्के सरळ व्याज. ग्रॅच्युइटी जप्त करायची तर कामगाराला गैरवर्तनासाठी कामावरून काढलेलं असावं लागतं. तुम्ही राजीनामा दिलात. आधी कंपनीकडे लेखी अर्ज, मग नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे. मुदत उलटली आहे, विलंबमाफीचा अर्ज सोबत लागेल. नोटिशीच्या उत्तरात हा आकडा व्याजासह टाकाच. मागणीचं पत्र दोन्हीकडून जाऊ शकतं हे त्यांनाही कळायला हवं. शेवटच्या पगाराची मागणी त्याच पत्रात.

पोलिसांच्या धमकीला फार घाबरू नका, पण ईमेलमुळे ती अगदी रिकामीही नाही. ठाण्यातून फोन आला तर लेखी नोटीस मागा आणि वकिलाबरोबरच जा. अटकपूर्व जामिनाची गरज आहे का हे त्यांनी फाइलची यादी पाहून ठरवावं. वकिलाकडून शिवाजीनगरच्या न्यायालयात कॅव्हेटही (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा अर्ज) टाकून घ्या. ती ९० दिवस चालते आणि तुम्हाला न ऐकता एकतर्फी मनाई मिळवणं कंपनीला अवघड होतं. सायकलला मोटार लावत असाल तर आणखी एक : पाव किलोवॅटहून कमी शक्ती, ताशी २५ किलोमीटरहून कमी वेग आणि मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र, तरच ते मोटार वाहन धरत नाहीत. अशी एक संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. हे नसेल तर पुढची तक्रार आरटीओत जाईल, आणि ती खरी असेल.

शेवटी ते दोन चेक, ज्यांची मला नोटिशीपेक्षा जास्त काळजी वाटते. सही केलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो, आणि उलटं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. बँकेत ‘स्टॉप पेमेंट’ दिल्यानेही चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ टळत नाही. म्हणून उत्तरात स्वतंत्र परिच्छेद हवा : अमुक क्रमांकाचे दोन कोरे चेक २०१८ मध्ये नोकरीला लागताना हमी म्हणून घेतले होते, त्यापोटी कोणतंही देणं नाही, ते परत करा. चेक वटला नाही म्हणून नोटीस आलीच तर ती मिळाल्यापासून १५ दिवस असतात. ती मुदत आत्ताच्या नोटिशीतल्या १५ दिवसांसारखी कुणी आपल्या मनाने घातलेली नसते. जुनं चेकबुक शोधा, उरलेल्या पानांवरून ते दोन क्रमांक काढा, आणि वकिलाकडे जाताना ते लिहून न्या.