पदके आणणाऱ्या प्रशिक्षकाविरुद्ध पालकांची तक्रार आली, तर कार्यकारिणीने काय करावे?

तुम्ही ठाण्यातील एका क्रीडा मंडळाच्या नव्या चिटणीस आहात आणि दोन पालकांचे लेखी पत्र तुमच्याकडे आले आहे, असे तुम्ही मला कळवले आहे. जिम्नॅस्टिक्सचे सर दर आठवड्याला मुलींना ओळीने वजनकाट्यावर उभे करून आकडा सर्वांसमोर वाचतात, मनगट दुखत असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला त्यांनी व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) करायला लावले, आणि पालकांना हॉलमध्ये बसू देत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. दुसरीकडे, याच सरांनी राज्य स्पर्धेत पदके मिळवून दिली म्हणून बाकीचे पालक त्यांच्या समर्थनार्थ सह्या गोळा करत आहेत आणि अध्यक्षांना प्रकरण आपसात मिटवायचे आहे. ठाणे आणि नवी मुंबईत आधी पंच म्हणून व नंतर संस्थेच्या कारभारात बरीच वर्षे काढल्यामुळे माझे मत थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, सह्यांचे निवेदन स्वीकारा, पोच द्या आणि बाजूला ठेवा. ज्यांच्या मुलींना त्रास झाला नाही त्यांची संख्या कितीही मोठी असली तरी, ज्यांना झाला त्यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही. पदकांच्या यादीचेही तेच. तक्रार वर्तनाबद्दल आहे, म्हणून चौकशीही त्या वर्तनाचीच व्हायला हवी.

मनगटाचा प्रश्न मात्र बैठकीची वाट पाहू शकत नाही. वाढत्या वयात हाताच्या हाडाच्या टोकाशी मऊ वाढपट्टी असते आणि व्हॉल्ट, फ्लोअर व बीमवर शरीराचा भार तळहातांवर पुन्हा पुन्हा येत असल्याने मनगटाजवळची ही पट्टी दुखावते. जिम्नॅस्टमध्ये हे इतके सर्रास आढळते की डॉक्टरी भाषेत त्याला ‘जिम्नॅस्ट रिस्ट’ असेच नाव आहे. वेळेवर विश्रांती मिळाली तर ते बहुधा बरे होते. दुर्लक्ष झाले तर हाडाची वाढ अकाली थांबण्याचा धोका असतो. मुली हे दुखणे लपवतात, हेही ध्यानात ठेवा. निवड चाचणी जवळ आली की क्रेप बँडेज बाहीखाली जाते, हाताला पावडर लावताना एकच हात चोळला जातो, आणि विचारले की उत्तर येते, “काही नाही सर, सवय आहे.” त्यामुळे मूल स्वतः तयार होते, हा खुलासा ग्राह्य धरू नका. अस्थिरोगतज्ज्ञांनी लेखी परवानगी देईपर्यंत त्या मुलीने हातावर भार घ्यायचा नाही, हा आदेश आजच, तुमच्या सहीने निघाला पाहिजे.

वजनकाटाही आजच हॉलमधून हलवा. अकरा ते चौदा या वयात मुलीची उंची आणि वजन झपाट्याने वाढते, गुरुत्वमध्य बदलतो आणि काल सहज जमणारी कसरत काही महिने हातून निसटते. हे शरीरशास्त्र आहे, आळस नव्हे. नेमक्या याच काळात तिला सर्वांसमोर ‘जड झालीस’ म्हटले की ती जेवण तोडते. कमी खाऊन जास्त सराव केल्याने पाळी लांबते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि ताणामुळे अस्थिभंग होतात. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधील गैरवर्तनाबद्दल वकील अ‍ॅन व्हाइट यांचा चौकशी अहवाल जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडे चारशेहून अधिक निवेदने आली होती आणि वजनावरून केलेला अपमान हा त्यातील ठळक विषय होता. त्यानंतर तिथल्या महासंघाने प्रशिक्षकांना खेळाडूंचे वजन करण्यास मनाई केली. आपल्या मंडळाला तसा ठराव करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. तुमच्याकडे सराव तेच घेतात, संघ तेच निवडतात, प्रवेशिकांवर सही तेच करतात, दुखापत खरी की खोटी ते तेच ठरवतात आणि पालकांनी तक्रार करायची तर तीही त्यांच्याकडेच, असे तुम्ही मला लिहिलेल्यावरून दिसते. क्रीडा प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि पुढे सरकारी नोकरीतील पाच टक्के आरक्षण अवलंबून असताना कोणते पालक तोंड उघडतील? ज्या दोघांनी पत्र दिले त्यांनी मोठाच धोका पत्करला आहे. हे सर अगदी सज्जन असले तरी ही रचना चुकीचीच आहे. निवड बाहेरच्या दोन पंचांसह समितीने करावी, दुखापतीचा निर्णय डॉक्टरांचा असावा, आणि तक्रार मंडळाशी आर्थिक संबंध नसलेल्या व्यक्तीकडे जावी. चौकशी चालू असेपर्यंत या दोन पालकांच्या मुलींच्या प्रवेशिकांवर तुम्ही स्वतः सही करा.

‘आपसात मिटवू’ याचा अर्थ काय होतो, हे अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाने जगाला दाखवले आहे. संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली मुलींचे लैंगिक शोषण करतो, ही माहिती २०१५ च्या उन्हाळ्यात महासंघाकडे होती. जुलैमध्ये ती एफबीआयला दिली गेली, पण ज्या विद्यापीठात तो रुग्ण तपासत असे त्या विद्यापीठाला कळवले नाही. तिथे तो ऑगस्ट २०१६ पर्यंत मुलींना तपासत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात निवेदने दिली, त्याला चाळीस ते एकशे पंचाहत्तर वर्षांची शिक्षा झाली आणि महासंघाच्या संपूर्ण संचालक मंडळाला राजीनामा द्यावा लागला. त्यातील एक तपशील पालकांना आवर्जून सांगा: अनेकदा आई किंवा वडील त्याच खोलीत असताना तो हे करत होता. म्हणून हॉलमध्ये खुर्च्या टाकल्या की काम झाले, असे समजू नका, जरी त्या टाकायलाच हव्यात.

पालकांच्या पत्रात लैंगिक स्वरूपाचा आरोप नाही. पण चौकशीत एखादी मुलगी तसे काही बोलली, तर मंडळाची चौकशी तिथेच थांबवा. २०१२ च्या पॉक्सो (मुलांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हाच गुन्हा आहे. १०९८ हा बालमदत क्रमांकही आहे. उलट बाजूने, घाबरून ‘प्रशिक्षकाने मुलींना हात लावायचा नाही’ असा नियम मात्र करू नका. सपोर्ट दिल्याशिवाय नवी कसरत शिकवणे म्हणजे मान मोडण्याला आमंत्रण आहे. हात कुठे आणि का लागणार हे आधी सांगावे, ते उघड्या हॉलमध्ये व्हावे, मुलीला एकटीला निरोप पाठवू नयेत आणि बाहेरगावच्या स्पर्धेला महिला व्यवस्थापक असावी, इतके पुरे.

‘कडक शिस्तीशिवाय पदक नाही’ हे तुम्हाला ऐकवले जाईलच. दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली, कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियो ऑलिंपिकमध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी उतरली. याच टोकियोत अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर अडीच गिरक्यांऐवजी दीडच घेतल्या, हवेतील दिशेचे भान सुटल्याचे ओळखून माघार घेतली आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके मिळवली. बाराव्या वर्षीच सर्व काही झाले पाहिजे, ही घाई बहुधा मंडळाच्या वार्षिक अहवालाची असते.

शेवटी सरांबद्दल. त्यांना पत्राची प्रत द्या, लेखी उत्तरासाठी आठवडाभराची मुदत द्या आणि त्यांचे म्हणणे पूर्ण ऐका. त्यांना ज्या पद्धतीने शिकवले गेले त्याच पद्धतीने ते शिकवत असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांचे मानधन पदकांवर किंवा बॅचमधील मुलींच्या संख्येवर ठरत असेल तर ती अट तुम्हीच बदलली पाहिजे. ते मंडळ सोडण्याची आणि अर्ध्या मुली ऐरोलीला किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या दुसऱ्या वर्गात नेण्याची भाषा करतील, अध्यक्ष त्यालाच घाबरले असावेत. त्यासाठी येत्या बैठकीतच दुसऱ्या प्रशिक्षिकेच्या नेमणुकीचा विषय घ्या आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या, म्हणजे सर राहिले किंवा गेले तरी संध्याकाळची बॅच बंद पडणार नाही.