कमी पाण्यावरची बाग

प्रश्न: घराभोवतीच्या मोकळ्या जागेत सावलीसाठी दोन झाडे आणि कमी पाण्यावर तगणारी झुडपे हवी आहेत. मात्र गेल्या वर्षी लावलेली कण्हेर आणि बोगनवेल पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेली. असे का झाले असावे?

उत्तर: कोरडेपणा सोसण्याची ताकद रोपात नव्हे, तर त्याच्या खोलवर पसरलेल्या मुळांत असते, आणि नव्या रोपाची मुळे कुंडीतल्या मातीच्या गोळ्यापुरतीच असल्यामुळे पहिली एक-दोन वर्षे त्यालाही नियमित पाणी द्यावेच लागते. रोज शिंपडलेल्या थोड्याशा पाण्याने मुळे वरच्या थरातच घुटमळतात. त्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, पण माती खोलवर भिजेल असे पाणी द्यावे. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे आच्छादन पसरावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये, कारण सतत ओल राहिल्यास साल कुजते.

पानगळीचे झाड घराच्या पश्चिमेला लावल्यास दुपारचे कडक ऊन अडते आणि पाने गळल्यावर ऊब मिळते. पूर्ण वाढलेल्या झाडाचा विस्तार धरूनच भिंतीपासूनचे अंतर ठरवावे. रोपाचा आकार पाहून ठरवलेले अंतर हमखास चुकते. सावलीखाली हिरवळीचा हट्ट मात्र सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कण्हेर पुन्हा लावणार असाल, तर तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले आणि जनावरे यांच्यापासून ती दूर ठेवावी.