सिकलसेल (एसएस) आहे, एक्स-रे आणि ईसीजी साफ आहेत, तरी धाप आणि दुखणं का?

तुम्ही लिहिलंय की १९ वर्षांच्या बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. एक्स-रे आणि ईसीजी साफ, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९६. तरी तिला धाप लागते, हातपाय दुखतात आणि सगळे म्हणतात, ‘मनाचं आहे.’ खरंच तसं असेल का?

मला नाही वाटत. मी ३४ वर्षांची, चंद्रपूर जिल्ह्यातली, मलाही एसएसच. ‘मनाचं आहे’ हे मी कॉलेजात असताना ऐकलंय, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मी ऑक्सिजनवर होते.

आधी धापेचं सांगते. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, आपली १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून हिमोग्लोबिन सात-आठच्या घरातच राहतं. बोटाचं मशीन फक्त एवढंच सांगतं की अंगात आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती ऑक्सिजनने भरलंय. मुळात ते किती कमी आहे, हे त्याला कळत नाही. शिवाय सिकलसेलमध्ये त्याचा आकडा थोडा इकडेतिकडेही होतो. दुखण्याचंही तसंच: विळ्यासारख्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडाला रक्त मिळत नाही. ती कळ साध्या एक्स-रेत दिसत नाही.

माझी आई तव्यावर जाडं मीठ गरम करून फडक्यात बांधायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग माझ्या नडगीवर धरायची. पहाटे तीनलासुद्धा. शेक चालतो, बर्फ मात्र कधीच लावू नका. थंडी, कमी पाणी, ताप आणि अति दमणूक, याने दुखणं उठतं.

कॉलेजातल्या त्या वेळी माझ्या बरगड्या दुखत होत्या. दुखतं म्हणून मी श्वास अर्धाच घेत होते. पहिला एक्स-रे साफ आला, घरी पाठवलं. मग ताप चढला आणि दुसऱ्या एक्स-रेत फुप्फुसात डाग दिसला. वॉर्डातल्या सिस्टरने तीन छोट्या चेंडूंसारख्या गोळ्यांचं ते श्वासाच्या व्यायामाचं प्लास्टिकचं यंत्र (स्पायरोमीटर) हातात दिलं: जागी असेपर्यंत दर दोन तासांनी दहा वेळा श्वास ओढून गोळ्या वर न्यायच्या. पहिल्या दिवशी एकच गोळी हलली, तीही अर्धी. बहिणीची छाती किंवा पाठ दुखत असेल तेव्हा हे यंत्र घरी हवंच.

तेव्हापासून मी कालनिर्णयच्या चौकोनात रोज लिहिते: जिन्याच्या कितव्या पायरीला थांबले, दुखणं दहापैकी किती, पाळी आहे का. एका वर्षी तीन महिन्यांत २२व्या पायरीवरून १२व्या पायरीवर आले. ती पानं बघून डॉक्टरांनी स्वतःहून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावली. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असू शकतो, असं त्यात दिसलं, आणि पुढचा तपास सुरू झाला. ‘खूप धाप लागते’ असं मी आधी दोन वर्षं सांगतच होते.

तर इकोबद्दल विचारा. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू आहे का, हेही विचारा. माझं दुखणं त्याने खूप कमी वेळा उठू लागलं, पण रक्त नियमित तपासावं लागतं आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. नुसतं हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून कोणी लोहाच्या गोळ्या देत असेल तर आधी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या. आपल्याला बहुधा फॉलिक अ‍ॅसिड लागतं. एकाच बाजूची कंबर किंवा एकच खुबा सतत दुखत असेल, मांडी घालता येत नसेल, तर खुब्याच्या एमआरआयबद्दल विचारा.

१०१च्या वर ताप, छातीत दुखून धाप, ओठ निळसर, किंवा अचानक बोलण्यात-चालण्यात फरक, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. जाताना ‘सिकलसेल, एसएस’ हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि तिचं नेहमीचं हिमोग्लोबिन किती असतं ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.

आणि आज तिला एवढंच विचारा: जिना चढताना तू कितव्या पायरीला थांबतेस? आकडा लिहून ठेवा.