राजेंद्रनगरच्या परसातून मृगातला तेजोमेघ

प्रश्न : काका, आमचं घर राजेंद्रनगरला आहे. मागे लहानसं परस आहे, दक्षिणेला मोकळं. दादाचा जुना निकॉन डी५३०० आणि ७०-३०० ची लेन्स घेऊन मी मृग नक्षत्रातला तेजोमेघ (ओरायन नेब्युला) टिपायचा प्रयत्न करते आहे. दहा सेकंदांच्या फोटोत सगळं आभाळ पिवळट-करडं येतं आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. कुणी म्हणतं शहरातून हे जमणार नाही, चोरलला नाहीतर जानापावला जा. कुणी म्हणतं प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर घे. तो महाग आहे. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : फिल्टर आत्ता घेऊ नका आणि परसही सोडू नका. तुम्हाला हवा असलेला तेजोमेघ त्या पिवळट-करड्या फोटोत आहेच.

शहराचा उजेड तेजोमेघाचा प्रकाश पुसून टाकत नाही, त्याच्यावर स्वतःची भर घालतो. ही भर फोटोभर साधारण सारखी असते, म्हणून ती नंतर संगणकावर वजा करता येते. वजा होत नाही तो तिचा रवाळपणा, म्हणजे फोटोभर विखुरलेले बारीक दाणे. तो कमी करायचा उपाय एकच, पुष्कळ फोटो काढून त्यांची सरासरी घ्यायची. चार फोटोंनी रवाळपणा निम्मा होतो, शंभरांनी दहावा हिस्सा उरतो. इथे शहराची किंमत वेळात मोजावी लागते. तुमचं आभाळ जानापावपेक्षा दहापट उजळ असेल, तर तितकाच स्वच्छ फोटो मिळवायला एकूण दहापट वेळ प्रकाश गोळा करावा लागेल. तिथला अर्धा तास म्हणजे इथले पाच तास. पण हे पाच तास एकाच रात्रीचे असावेत असं कुठे आहे? जानापावला महिन्यातून एकदा जाणं होईल. परसात जेवणं आटोपली की रोज जाता येतं, आणि आठवडाभराचे फोटो एकत्र जोडता येतात. म्हणून मी परसाच्या बाजूने इतका ठामपणे बोलतो.

उपनगरातून हे होत नाही म्हणणाऱ्यांना एक इतिहास सांगा. या तेजोमेघाचा पहिला फोटो १८८० साली अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी काढला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८३ मध्ये, अँड्र्यू कॉमन यांनी लंडनच्या पश्चिमेकडच्या ईलिंगमधून, आपल्या घराच्या बागेतून, त्याचा असा फोटो घेतला की डोळ्याला न दिसणारे तारे त्यात उमटले. पेशाने ते सॅनिटरी इंजिनिअर. त्यांचा आरसा ३६ इंची होता, ही गोष्ट खरी. आणि तेव्हा आभाळही आजच्यापेक्षा काळं होतं. पण लंडनहून हा तेजोमेघ क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो. इंदूरहून तो ६२ अंशांवर जातो, म्हणजे आपल्याला हवेचा कितीतरी पातळ थर पार करून पाहायचं असतं. हे आपलं भाग्य आहे, ते वापरा.

आता रेघांचं. लेन्स २०० मिलिमीटरवर असेल तर तुमच्या कॅमेऱ्यात तारा एका सेकंदात साधारण चार पिक्सेल सरकतो. दहा सेकंदांत चाळीसच्या आसपास, मग रेघ येणारच. लेन्स १३५ च्या जवळ आणा, फोटो दीड सेकंदाचा घ्या, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) त्या जागी मिळेल तितकं मोठं, आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १६००, आणि फाइल रॉ, जेपेग नाही. ऑटोफोकस आणि लेन्सचं कंपनरोधक दोन्ही बंद. व्याधावर लाइव्ह व्ह्यू मोठं करून तो अगदी बारीक ठिपका होईपर्यंत फोकस करा आणि लेन्सची कडी चिकटपट्टीने पक्की करा. तुमच्या कॅमेऱ्यात ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेण्याची सोय आहे, ती लावा. दर दहा मिनिटांनी तेजोमेघ पुन्हा चौकटीच्या मध्यात आणा.

असे चारशे फोटो म्हणजे फक्त दहा मिनिटांचा प्रकाश. तरीही त्यात तेजोमेघाचे पंख दिसायला लागतात. दुसऱ्या रात्री आणखी घ्या. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही संगणकावरची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत, त्यात सगळे जोडा. सोबत लेन्सला झाकण लावून तितक्याच वेळाचे तीसेक काळे फोटो घ्या, आणि संध्याकाळी लेन्सवर धुतलेलं पांढरं सुती कापड ताणून एकसारख्या आभाळाचे तितकेच. या कापडाच्या फोटोंनी लेन्सच्या कोपऱ्यांतला अंधार आणि धुळीचे डाग जातात. हे टाळलंत तर शहराचा उजेड नीट वजा होत नाही, म्हणून कंटाळा करू नका. सिरिलमध्ये पार्श्वभूमी वजा करण्याची सोय आहे, ती वापरताना आभाळाचा उजेड मोजायचे खुणेचे ठिपके तेजोमेघावर पडू देऊ नका. आणि माझी कळकळीची विनंती, आभाळ डांबरासारखं काळं करू नका. बाहेरची फिकट धूसर झालर त्यातच मरते, आणि सगळी मेहनत तिच्यासाठीच असते.

फिल्टरबद्दल. जुने प्रदूषणाचे फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी होते. तो पिवळा एका अरुंद पट्ट्यातला, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणून अडवता येई. आता गल्लीत एलईडी आहेत, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला. फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा सोडणारे नवे फिल्टर काम करतात, पण ते इतकं कमी सोडतात की प्रत्येक फोटो काही मिनिटांचा हवा. दीड सेकंदात काळोख येईल. शिवाय कारखान्यातून आलेल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची काच हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवते. पैसे साठवायचेच तर आधी ताऱ्यांमागे फिरणारा ट्रॅकर घ्या. तो ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि इंदूरला ध्रुव २२.७ अंशांवर आहे. तुमच्या परसातून ध्रुव घराच्या आड जाईल. मोबाइलच्या होकायंत्राने आणि कोनमापकाने ढोबळ जुळणी होते, पण गच्चीवर जागा असेल तर तिथे नेम नीट लागतो.

गल्लीतला दिवा थेट लेन्सवर पडत असेल तर मात्र काहीच उपयोग नाही. वाळवणाच्या दोरीवर जाड चादर टाकून आडोसा करा. शेजाऱ्यांना पोर्चचा दिवा तासभर बंद ठेवायला सांगा, आणि पहिला फोटो त्यांना दाखवा.

जानेवारीच्या मध्याला तेजोमेघ रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वांत उंच असतो, फेब्रुवारीच्या मध्याला साडेआठला. अमावास्येच्या आगेमागे बसा. मावठा होऊन गेला की दुसऱ्या रात्री हवा धुतलेली असते, ती रात्र सोडू नका. शब-ए-मालवा (माळव्याची रात्र) उगाच म्हणत नाहीत, रात्री गार असतात. पण त्याच गारव्यात लेन्सवर दव बसतं. तिच्याभोवती लोकरी मफलर गुंडाळा.

घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ जवळच आहे, पण या साधनांनी त्याच्या मागे लागू नका. त्याला तोच अडवला गेलेला लाल प्रकाश लागतो.

प्रश्न : काका, फोटोत तेजोमेघ गुलाबी दिसतो. दुर्बिणीतून मला राखाडी का दिसला?
– इयत्ता सातवी, ग्वाल्हेर

उत्तर : तू नीटच पाहिलंस. अंधुक उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, आणि हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश त्यांना चांगला दिसतो, म्हणून मोठ्या दुर्बिणीतून काहींना हिरवी छटा जाणवते. डोळा कॅमेऱ्यासारखा मिनिटभर प्रकाश साठवून ठेवत नाही. पुढच्या वेळी आधी वीस मिनिटं अंधारात बस, मोबाइल बघू नकोस, आणि तेजोमेघाच्या किंचित बाजूला नजर ठेव. मधले चार तारे मोजून मला कळव.